कुबट वासाच्या बाटल्या

गोळ्या मोजायला बसायचं तर आधी हात कोरडे हवेत. कॅप्सूलला ओला हात लागला की ती चिकटते, आणि एकीच्या पाठीला दुसरी बसली की दोनाच्या जागी एकच मोजली जाते. म्हणून मी हात धुते, पुसते, थोडा वारा लागू देते आणि मगच निळा ट्रे पुढ्यात ओढते. बाटली उपडी करायची. चपट्या पट्टीने पाच-पाच कॅप्सूल बाजूला सारायच्या. आकडा लिहायचा आणि सगळं परत पहिल्यापासून मोजायचं. दोन्ही वेळा तोच आकडा आला तरच सही करायची.

जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी यंदा बायकांनी आपापल्या कामाबद्दल लिहायचं ठरलं, तेव्हा मी खाली मान घालून बसले होते. सगळ्या इंजिनिअर नाहीतर डॉक्टर. चौथी शिकलेल्या बाईने त्यांच्या ओळीत काय लिहायचं? पण घरी आल्यावर राहवेना. मुलीच्या, प्राजक्ताच्या, शाळेची एक कोरी वही उरली होती, तीत लिहिते आहे. अंकाला देणार नाही. पण कुणी वाचेल असं धरूनच लिहिते, म्हणजे नीट लिहिलं जातं.

मी मूळची भोरकडची. वडिलांची पिठाची गिरणी होती. चौथीनंतर शाळा सुटली ती गिरणीतच बसण्यासाठी. दहा वर्षं गिऱ्हाइकांचे डबे घेतले, वजन केलं, दळलं, परत दिलं. पुढे लग्न झालं. आमच्या ह्यांना इथल्या येना शहरात एका भारतीय हॉटेलात आचाऱ्याची नोकरी मिळाली आणि त्यांच्या मागून मी आणि तान्ही प्राजक्ता इथे आलो. त्याला बावीस वर्षं झाली. आधी मी ऑफिसं पुसायचे. मग एका संशोधन केंद्राची साफसफाई मिळाली, तिथेच नाश्ता द्यायचं काम मिळालं, आणि तिथेच एक दिवस गोळ्या मोजायचं.

आमच्या केंद्रात आजारी माणूस आला तर आम्ही त्याला घेत नाही. आम्हाला धडधाकट म्हातारी माणसं लागतात, सत्तरीच्या पुढची. बाजारात शक्तीच्या म्हणून ज्या पूरक गोळ्या मिळतात, तशातली एक त्यांना रोज द्यायची आणि बघायचं, की त्यांचं म्हातारपण जरा हळू येतं का. ते डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून मोजतात. दर तेरा आठवड्यांनी माणसं उपाशीपोटी येतात. रक्त देतात. एक मूठ दाबायचं यंत्र आहे, ते दाबतात. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठतात. बोळातून चालून दाखवतात. मग माझ्याकडे येऊन ब्रोट म्हणजे इथला पाव, चीज, एक उकडलेलं अंडं आणि कॉफी घेतात, आणि जुनी बाटली परत देऊन नवी नेतात.

यात एक गंमत आहे. निम्म्या माणसांच्या बाटलीत खरी गोळी असते आणि निम्म्यांच्या बाटलीत तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, ते घेणाऱ्याला माहीत नसतं, रक्त काढणारीला नसतं, अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर वेबरबाईंनाही नसतं. बाटलीवर फक्त नंबर. त्या नंबरांची यादी ड्युसेलडॉर्फच्या एका ऑफिसात कुलूपबंद आहे आणि अभ्यास संपेपर्यंत ती उघडायची नाही. हे सगळं मला मैत्रेयीने समजावलं. ती पुण्याची, आमच्याकडे डॉक्टरेट करते. मला काकू म्हणते आणि दर शुक्रवारी माझा डबा खाते.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते पटलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "म्हाताऱ्या माणसांना तीन-तीन वर्षं खोट्या गोळ्या द्यायच्या? ही फसवणूक नाही का गं?"

तिने ते लगेच डॉक्टर वेबरबाईंना सांगितलं. मी लाजेने अर्धी झाले. पण बाई शांतपणे म्हणाल्या (इथे बाईला फ्राऊ म्हणतात, पुरुषाला हेर), "फ्राऊ शिर्के, आपल्याला खोटी मिळू शकते हे कळल्यावरच त्यांनी सह्या केल्या आहेत. काही न तपासता दुकानात विकतात, ती फसवणूक." मला ते एकदम पटलं. गिरणीत वडील वजनकाटा रोज सकाळी गिऱ्हाइकासमोर तपासायचे, त्याची आठवण झाली.

मोजायचं काम मला मिळालं ते एका रविवारपायी. बाटलीत शंभर कॅप्सूल असतात. तेरा आठवडे म्हणजे एक्क्याण्णव दिवस, म्हणजे परत येताना नऊ उरायला हव्यात. एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या बाटलीत मात्र दर खेपेला बावीस उरायच्या. सगळे म्हणायचे, विसरतात बिचारे. मी भांडी पुसता पुसता मैत्रेयीला म्हटलं, "विसरणारा माणूस दर वेळी मोजून तेवढ्याच कशा विसरेल? नऊ आणि तेरा बावीस. तेरा आठवड्यांत तेरा रविवार." विचारलं तर तसंच निघालं. पोस्टमास्तर म्हणाले, "हो, अर्थात. रविवारी मी कुठलंच काम करत नाही." दुसऱ्या दिवशी वेबरबाईंनी निळा ट्रे माझ्यासमोर ठेवला. त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, जवळजवळ पळतच गेले.

तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटली. एक आजी अर्ध्या गोळ्या कुत्र्याला द्यायच्या, कारण कुत्रा त्यांच्याहून म्हातारा होता. एक शिक्षिका उरलेल्या नऊ गोळ्या कागदात नऊ पुड्या बांधून आणायच्या, वर तारखा घालून. आणि हेर लिंडनर.

हेर लिंडनर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर काचेची भिंगं घासायचं काम केलेलं. त्यांची बायको अभ्यास सुरू व्हायच्या आधी वारली होती. बोलघेवडा माणूस, आणि मी बोलत नाही, म्हणून आमचं चांगलं जमायचं. पहिल्या वर्षातच त्यांनी जाहीर केलं की गोळी लागू पडली. आधी ते लिफ्टने यायचे, आता तीन जिने चढून यायचे आणि दारातच मला सांगायचे, "फ्राऊ शिर्के, लिफ्ट म्हाताऱ्यांना राहू दे." खुर्चीतून पाचदा उठायला सांगितलं तर सहाव्यांदाही उठून दाखवायचे. त्यांचा दिवस असला की मलाच हुरूप यायचा.

आता वासाचं सांगते.

गेल्या उन्हाळ्यात, एका फार गरम आठवड्यात, मी बाटल्या मोजत होते. एक बाटली उघडली आणि नाकाला कुबट वास आला. अगदी पुसट. तीन महिने बंद डब्यात राहिलेल्या तांदळाच्या पिठाचा असतो तसा. गिरणीत हा वास मी हजारदा घेतलेला. डब्याचं झाकण उघडलं की पीठ किती दिवसांचं ते मी न बघता सांगायचे. पुढची बाटली उघडली, काही नाही. तिसरी, काही नाही. चौथी, तोच वास. दुपारपर्यंत माझ्या मनात बाटल्यांच्या दोन रांगा लागल्या होत्या.

मैत्रेयीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला याचा वास येतो का गं?" तिने नाक घालून बघितलं. "प्लास्टिकचा येतोय, काकू." झिल्के नावाची आमची रक्त काढणारी नर्स आहे, तिलाही आला नाही. म्हणजे हा वास माझ्या एकटीच्याच नाकात होता. आणि मी मनाशी ठरवून टाकलं: पिठाचा वास येतो म्हणजे आत नुसतं पीठ आहे. म्हणजे खोटी गोळी.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एक तर मला कोण विचारतो, असं वाटलं. आणि दुसरं खरं कारण असं, की सांगितलं तर ट्रे जाईल. जिला ओळखू येतं तिला कोण मोजू देईल? 

पुढच्या आठवड्यात हेर लिंडनर आले. तीन जिने चढून, घाम पुसत. त्यांची बाटली मी उघडली आणि वास आला. कुबट.

मी गोळ्या मोजून आकडा लिहिला. पण नाश्त्याच्या वेळी त्यांच्या ताटलीत माझ्या हाताने दोन अंडी वाढली. ब्रोटवर लोणी जास्त लावलं. कॉफी परत विचारली. आपल्याकडे कुणाचं वाईट झालं की आपण असंच करतो, तोंडाने बोलत नाही, पानात जास्त वाढतो.

हेर लिंडनरनी अंड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दीड वर्ष झालं, इथे एकच अंडं मिळतं," ते म्हणाले. "आज दोन का?"

"उरलं होतं," मी म्हटलं.

"उरलं नव्हतं. माझ्या मागच्या बाईंचं खाणं अजून व्हायचंय." त्यांनी चष्मा काढला. "फ्राऊ शिर्के, मी चाळीस वर्षं काच बघितली आहे. एक केसाएवढा चरा असला तरी मला दिसतो. माझी बायको गेली त्या आठवड्यात शेजारची माणसं माझ्याकडे अशीच बघायची. माझी गोळी खोटी आहे, असंच ना?"

मी खाली बघितलं. तिथेच घोटाळा झाला. दुसरी कुणी हसून "मला काय ठाऊक" म्हणाली असती. मला ते जमलं नाही.

"गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे अगदी तेच. "समजलं." अंडी तशीच राहिली. जाताना मी बोळात उभी होते. त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, की त्यांनी गोळी बंद केली आहे आणि ते आता येणार नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. झिल्केने हे नाश्त्याच्या खोलीत सांगितलं तेव्हा मी धुतलेलीच कपबशी परत धुवायला घेतली.

त्या दिवशी मी जेवले नाही. आमचे हे म्हणाले, "काय झालं ते बाईंना सांगून टाक. नोकरी गेली तर माझ्याबरोबर कांदे चिरायला ये." त्यांना थट्टा सुचत होती. मला एकच दिसत होतं, की तीन जिने चढणारा माणूस माझ्या तोंडाकडे बघून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रेयीला बरोबर घेतलं आणि वेबरबाईंच्या खोलीत गेले. मैत्रेयी म्हणाली, "काकू, तुम्हीच बोला, अडलं तर मी आहे." मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. गिरणी, वास, दोन अंडी, सगळं. बाई रागावतील असं वाटलं होतं. त्या उठून खिडकीपाशी गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "तर मग, तुम्हाला खरंच ओळखता येतं की तसं वाटतं, ते आधी तपासू या."

आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आजवर तिथे सगळ्यांची परीक्षा व्हायची आणि मी कॉफी द्यायची. आता परीक्षा माझी होती. मैत्रेयीने कपाटातून परत आलेल्या चोवीस बाटल्या काढल्या आणि प्रत्येकीच्या नंबरावर कागद चिकटवून वर एक अक्षर लिहिलं. खिडक्या उघडल्या. झिल्केने अत्तर लावलं होतं म्हणून तिला बाहेर काढलं. मला सकाळपासून फक्त पाणी. बाई घड्याळ घेऊन बसल्या. चोवीस बाटल्यांचे दोन ढीग करायचे होते.

पहिल्या पाच-सहा बाटल्यांना झाकणच निघेना. मग मी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर समोर बाई नव्हत्या, जर्मनी नव्हती, रांगेतले डबे होते. झाकण उघडायचं, नाक जवळ न्यायचं, एकदाच हुंगायचं, बाजूला ठेवायचं. मधेच मी बाईंना सांगितलं, "थांबा, नाक भरलं," आणि स्वतःच्या पदराचा, म्हणजे ओढणीचा, वास घेतला. असं केलं की नाक रिकामं होतं. बाईंनी ते लिहून घेतलं. एका बाटलीला मला फार वेळ लागला. तीनदा हुंगली. शेवटी डावीकडे ठेवली.

दोन्ही ढिगांची यादी ड्युसेलडॉर्फला गेली. उत्तर यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी ट्रेला हात लावला नाही, नुसते कप धुतले. पाचव्या दिवशी बाईंनी बोलावलं. मैत्रेयी आधीच तिथे होती आणि तिचा चेहरा फुलला होता.

"एकही चुकली नाही," बाई म्हणाल्या. "चोवीसच्या चोवीस बाटल्या बरोबर ढिगात आहेत."

मला आनंद आवरेना. इतका, की लाजायचंही विसरले. "मी म्हटलंच होतं," मी म्हणाले. "खोट्या गोळ्यांना पिठाचा वास येतो."

बाईंनी विचारलं, "फ्राऊ शिर्के, ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"ड्युसेलडॉर्फने एवढंच कळवलं, की तुम्ही दोन जाती वेगळ्या केल्यात. कुठली जात खरी, ते त्यांनी सांगितलं नाही, सांगणारही नाहीत. खऱ्या गोळीतच असं काही असेल की तिला वास येत असेल. मला माहीत नाही. इथे कुणालाच माहीत नाही."

मी मैत्रेयीकडे बघितलं. ती म्हणाली, "खरं आहे, काकू. तुम्ही कुबट म्हणजे खराब असं धरलंत. गिरणीत ते बरोबर होतं."

मी खुर्चीत बसले. चोवीस बाटल्या बरोबर लावल्याचा आनंद एका क्षणात उतरला, आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं. हेर लिंडनर इतके दिवस कदाचित खरीच गोळी घेत असतील. त्यांचे गुडघे त्या गोळीने बरे झाले असतील, किंवा जिने चढून चढून बरे झाले असतील. मला कशाचाही पत्ता नव्हता, आणि तरी मी त्यांच्या पानात दुसरं अंडं वाढलं होतं.

पुढे बऱ्याच गोष्टी झाल्या. बाईंनी वरिष्ठांना आणि ड्युसेलडॉर्फला सगळं लिहून कळवलं, माझ्या अंड्यासकट. मला वाटलं होतं, त्या हे झाकतील. त्या म्हणाल्या, झाकलेली चूक मोजता येत नाही. गोळ्या बनवणाऱ्यांनी दोन्ही जातींना वरून जाड, गुळगुळीत आवरण दिलं. नव्या कॅप्सूल आल्या त्या आधी माझ्याकडे, परत चोवीस बाटल्या. या वेळी मी एक तास हुंगत बसले. ओढणी हुंगली, पाणी प्यायले, परत हुंगलं. काही नाही. अंदाजाने दोन ढीग केले आणि ड्युसेलडॉर्फचं उत्तर आलं, की निम्म्या चुकल्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या. झिल्केने केक आणला. सपशेल नापास झाल्याबद्दल केक खाणारी मी एकटीच असेन. ट्रे मला परत मिळाला.

पण हेर लिंडनर परत आले नव्हते. अभ्यासाचा नियम असा, की माणसाने गोळी सोडली तरी त्याने तपासणीला येत राहावं. सोडणारे सगळे निघून गेले तर उरलेल्यांचं मोजून काही कळत नाही. बाईंनी त्यांना दोनदा फोन केला. शेवटी ते एवढंच म्हणाले, की शेवटच्या वेळी नेलेली बाटली परत द्यायला एकदा येतो.

मी बाईंना विचारलं, "मी त्यांच्याशी बोलू का?" असं मी आपणहून विचारलं, याचं मला आजही नवल वाटतं.

बाई म्हणाल्या, "जे खरं आहे तेवढंच सांगा. एक शब्द जास्त नको."

मी ते वाक्य घरी आरशासमोर म्हटलं. प्राजक्ता दारातून बघत होती. ती जर्मनमध्येच म्हणाली, "आई, आरशात काय बघतेस? वाक्य बरोबर आहे."

"वाक्य नाही गं. तोंड बघतेय."

हेर लिंडनर मंगळवारी आले, लिफ्टने. बोळात मी उभी होते. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि वळायला लागले.

"हेर लिंडनर," मी म्हटलं. "तुमची गोळी कुठली, मला माहीत नाही. मला वाटलं होतं माहीत आहे. ते चूक होतं."

ते थांबले. खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले. काच उजेडात धरून बघावी तसे, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. मी या वेळी खाली बघितलं नाही. लपवायला माझ्याकडे काही नव्हतंच.

"खरंच माहीत नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"डॉक्टरांनाही नाही?"

"कुणालाच नाही. तेच तर शोधतोय."

 ते बोळातल्या खुर्चीवर बसले, चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि आत बसलेल्या झिल्केला हाक मारली. "आज मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही," ते तिला म्हणाले, आणि शर्टाची बाही वर सारायला लागले.